ग्रिम्मेनवरून परतलेला माणूस

शनिवारी सकाळी सिगब्रिटने एका थर्मासमध्ये कॉफी भरली, दुसऱ्यात बेरींचं गरम सूप भरलं आणि वेलचीचे गोड पाव स्वच्छ फडक्यात गुंडाळले. मग तिने कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तिचं तोंड घट्ट बांधलं आणि ती पाठपिशवीत ठेवली. गोठलेल्या तळ्यावर जाणारा प्रत्येकजण हे करतो. कुणी पाण्यात पडलंच, तर पिशवीतली हवा त्याला वर धरून ठेवते आणि बाहेर आल्यावर अंगात घालायला काहीतरी कोरडं मिळतं.

नवऱ्याची, एव्हर्टची पिशवीही तिनेच भरली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता.

"असं बांधतात का तोंड?" म्हणत तो पुढे आला, तिने बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा अगदी तशीच बांधली.

सिगब्रिटने पाठपिशवीचे पट्टे लावले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कशाला उत्तर द्यायचं आणि कशाला नाही, हे अंगवळणी पडलेलं असतं. एव्हर्ट वाईट माणूस नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, दारू पिऊन आला नाही, कागदाच्या गिरणीतून पगार आला की सगळा घरात दिला. फक्त निवृत्त झाल्यापासून त्याच्या तोंडून चांगला शब्द असा निघेनासा झाला होता. ती खोलीतून बाहेर पडली की मागोमाग जाऊन तो दिवा मालवायचा. ती काही सांगू लागली की मध्येच तारीख दुरुस्त करायचा. नावाने हाक मारणं त्याने कधी सोडलं, तेही तिला आता आठवत नव्हतं. "ऐक" म्हणायचा, किंवा नुसता घसा खाकरायचा.

म्हणूनच तिला हे शनिवार हवे असायचे. त्यांच्या गावातली काही मंडळी हिवाळाभर, ज्या तळ्यावर बर्फ चांगला धरला असेल तिथे, एकत्र स्केट्स घालून जात. दिवसभर बर्फावरून भटकायचं, एखाद्या बेटावर बसून कॉफी प्यायची, गावातल्या गप्पा मारायच्या आणि अंधार पडायच्या आत परतायचं. एव्हर्टला ती माणसं आवडत नसत. तरी तो यायचा, कारण बर्फाळ रस्त्यावर तिने गाडी चालवणं त्याला त्याहून नापसंत होतं.

त्या दिवशी ग्रिम्मेनवर जायचं ठरलं होतं. लांबलचक, अरुंद तळं. दोन्ही काठांना सूचिपर्णी झाडांची दाट रानं अगदी पाण्यापर्यंत उतरलेली. त्या वर्षी थंडी उशिरा आली होती आणि बर्फ पडायच्या आतच पाणी गोठलं होतं. त्यामुळे वर पांढरं काही नव्हतं. तळं काळं होतं, काचेसारखं नितळ. काठाजवळ पायांखाली तळातले गोटे दिसत आणि जरा आत गेलं की काहीच दिसत नसे, नुसता काळोख. वर धुकं होतं. सूर्य कुठेतरी असावा, पण तो कुठे आहे ते सांगता आलं नसतं.

सगळ्यांच्या पुढे तोर्ड. शाळेत कवायतीचा मास्तर होता पूर्वी. हातातल्या लोखंडी टोकाच्या काठीने तो ठिकठिकाणी बर्फावर घाव घालायचा आणि आवाज ऐकायचा. त्याच्यामागे बाकीचे, थोडं थोडं अंतर राखून. प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून बाहेर यायला. पात्यांचा करकरणारा आवाज धुक्यात विरत होता. मधूनच बर्फ बोलायचा. दूर कुठेतरी एक लांब, खोल आवाज उठायचा, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायचा आणि पायांखालून निघून जायचा.

"आज फार बोलतोय," गुन्नेल म्हणाली. ती सिगब्रिटची शेजारीण, लठ्ठ, हसरी, कायम धापा टाकणारी. "माझी आई म्हणायची, बर्फ बोलतोय तोवर बरं. गप्प झाला की घरी जावं."

दुपारी ते एका खडकाळ बेटावर बसले. संत्री सोलली गेली, कॉफी ओतली गेली, कुणाच्या सुनेला काय झालं ते सांगून झालं. एव्हर्ट जरा बाजूला खडकावर बसला होता. निघताना तोर्डने समोरचं भूशिर दाखवलं. तिथे ओढा तळ्याला मिळतो, खालून पाणी वाहतं राहतं, बर्फ धरत नाही. तेव्हा डाव्या काठाने वळसा घालून जायचं, कुणीही पुढे व्हायचं नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं.

एव्हर्टने स्केट्सचे पट्टे आवळले. या तळ्यावर आपण लहानपणापासून येतोय, असं तो कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाला आणि सरळ भूशिराच्या दिशेने निघाला.

सिगब्रिट त्याच्यामागे थोडी गेली. "एव्हर्ट, सगळे तिकडून जाताहेत."

"मग तू जा सगळ्यांबरोबर," तो मागे न बघता म्हणाला.

धुक्यात तो हळूहळू फिकट होत गेला. मग एक आवाज झाला. तो मोठा नव्हता. घरात कुणी पातळ बशी फोडावी, तेवढाच.

तोर्ड सगळ्यांत आधी पोचला. बाकीच्यांना त्याने लांब थांबवलं आणि स्वतः पोटावर आडवा होऊन सरपटत गेला. सिगब्रिटला भोक दिसलं. काळ्या बर्फात त्याहून काळं. त्यात एव्हर्टची टोपी तरंगत होती. एव्हर्ट नव्हता.

पाणी हललं, मग थांबलं. तोर्डने भोकापलीकडे दोर फेकला, ओढून घेतला, पुन्हा फेकला. तो हाका मारत होता आणि त्याच्या हाका धुकं गिळून टाकत होतं. गुन्नेल रडायला लागली. किती वेळ गेला ते कुणी बघितलं नाही. पण गुन्नेलचं रडणं सुरू होऊन संपलं आणि ती नुसती उभी राहिली, इतका वेळ गेला खरा. तोर्डने मान वळवून सिगब्रिटकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काय होतं ते तिला समजलं.

त्याच क्षणी भोकातून एक हात वर आला. हातमोजा नव्हता. हाताने दोर चाचपला नाही, झडप घातली नाही. जिन्याचा कठडा धरावा तसा त्याने तो सावकाश धरला.

सगळ्यांनी मिळून ओढलं. एव्हर्ट बर्फावर आला. गार पाण्यातून निघालेला माणूस धापा टाकतो, खोकतो, त्याचे दात वाजतात. एव्हर्ट शांत पडून होता, डोळे उघडे. पाठपिशवी त्याच्या पाठीवर नव्हती. ती वर यायला हवी होती, असं तोर्ड दोनदा म्हणाला. मग त्याने स्वतःचे कोरडे कपडे काढून दिले. एव्हर्टने ते घातले आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, नव्या गावात उतरलेला माणूस पाहतो तसं.

"एव्हर्ट, अरे ही सिगब्रिट बघ कशी पांढरी पडलीय," गुन्नेल म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"सिगब्रिट," तो म्हणाला.

इतक्या हळुवारपणे की तिला तिथेच रडू कोसळलं.

गाड्या दक्षिणेच्या टोकाला होत्या. तोर्डने सगळ्यांना घाईने परत फिरवलं. भिजलेल्या माणसाला हलतं ठेवायला हवं म्हणाला. एव्हर्टने सिगब्रिटचा हात हातात घेतला आणि दोघं शेवटी निघाली. त्याचा हात गार होता, पण तिच्या हातापेक्षा फार गार नव्हता. तो सुंदर घसरत होता. एव्हर्ट नेहमी जोर लावून, बर्फावर राग काढल्यासारखा जायचा. आता त्याच्या पात्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता.

आणि म्हणूनच तिला दुसरा आवाज ऐकू आला.

ठक. ठक... ठक.

पायांखालून. बर्फ बोलतो तसा नव्हता तो. तो आवाज लांबून यायचा आणि लांब जायचा. हा इथेच होता, तिच्या स्केट्सच्या बरोबर खाली, आणि ती पुढे गेली की तोही पुढे यायचा. ती डावीकडे सरकली. तो डावीकडे सरकला.

पुढे गुन्नेलने एकदा मान वळवून खाली पाहिलं आणि झटकन पुढे पाहिलं.

सिगब्रिटने मान खाली घातली. काळ्या बर्फात पांढरे बुडबुडे अडकलेले असतात, नाण्यांच्या चळती रचाव्यात तसे. ते मागे पळत होते. त्यांच्या खाली, खोल नाही, काहीतरी फिकट होतं. ते मागे पळत नव्हतं. ते तिच्याबरोबर येत होतं. क्षणभर ते बर्फाला खालून चिकटलं आणि रुंदावलं, जसा काचेला टेकवलेला तळहात रुंदावतो.

तिने तोंड उघडलं. तोर्ड पुढे हाकेच्या अंतरावर होता.

तिच्या हातातला हात किंचित आवळला गेला.

"दमलीस का, सिगब्रिट?" एव्हर्टने विचारलं.

असं तिला कुणी विचारलेलं नव्हतं, किती वर्षांत.

"नाही," ती म्हणाली. "चल."

काठाशी बर्फ जाड आणि राखाडी झाला, लव्हाळी लागली. तिथे ठोकण्याचा आवाज दबत गेला. गाडीत बसून दार लावेपर्यंत तिला तो ऐकू येत होता. की येतोय असं वाटत होतं.

तोर्डच्या आग्रहाने ते इस्पितळात गेले. डॉक्टरणीने एव्हर्टला तपासलं, ताप मोजला, पुन्हा मोजला आणि या वयात असं नशीब काढणारी माणसं थोडी, असं सांगून घरी पाठवलं.

घरी आल्यावर एव्हर्ट दाराशी उभा राहिला. बूट काढून जागेवर ठेवणं, कोट खुंटीला अडकवणं, ज्यावरून तो आयुष्यभर तिला बोल लावत आला होता, त्यातलं काही त्याने केलं नाही. तो वाट बघत होता.

"बूट इथे ठेव," ती म्हणाली. त्याने ठेवले. "वर जाऊन पड जरा." तो वर गेला. थोड्या वेळाने ती गेली, तर तो मुलीच्या जुन्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता. "इकडे नाही, आपली खोली पलीकडे," तिने सांगितलं आणि तो हसला. छान हसला.

डोक्याला मार लागला असेल, असं ती पहिले काही दिवस स्वतःला समजावत होती. घरातलं तो कधी काही विचारायचा नाही. तिने सांगेपर्यंत थांबायचा आणि एकदा सांगितलं की विसरायचा नाही. साखर कुठे असते, शेजाऱ्यांचं नाव काय, गुरुवारी वाटाण्याचं सूप करायचं. तो तिच्या शेजारी उभा राहून कांदे चिरायचा. ती बोलायला लागली की हातातलं काम थांबवून ऐकायचा. योटेबोरी शहरातून उल्रिकाचा, त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा तो तिच्याशी बराच वेळ बोलला. नंतर सिगब्रिटने फोन घेतला तर मुलगी रडवेली झालेली.

"आई, बाबांना काय झालंय?" तिने विचारलं. "त्यांनी मला विचारलं, तू सुखात आहेस का म्हणून..."

"मरता मरता वाचलेत," सिगब्रिट म्हणाली. "माणूस बदलतो."

मग एका संध्याकाळी तिने एक खोटं सांगितलं. का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि तो खिडकीशी बसून तिचा लोकरीचा गुंडा उलगडत होता.

"लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तू मला बोटीतून बेटावर नेलं होतंस," ती म्हणाली. "आठवतं?"

एव्हर्टने तिला कधी कुठे नेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्याने घराचं छप्पर दुरुस्त केलं होतं.

त्याने लोकरीचा एक वेढा सोडवला. "हो," तो म्हणाला. "तू डोक्याला निळा रुमाल बांधला होतास. वाऱ्याने उडाला आणि पाण्यात पडला. आपल्याला सापडला नाही."

सिगब्रिटच्या सुया थांबल्या. आणि त्याच वेळी तिला तो रुमाल दिसला. पाण्यावर पसरलेला, कडा भिजून गडद झालेला, हळूहळू खाली जाणारा.

त्यानंतर ती रोज थोडं थोडं सांगू लागली. आजारी असताना तू रात्रभर उशाशी बसला होतास. माझी आई गेली तेव्हा तू माझ्याबरोबर चालत चर्चपर्यंत आलास. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःचं काहीतरी जोडायचा. दिव्याचा रंग, पावसाचा आवाज. वसंत ऋतू जवळ येईतो सिगब्रिटजवळ एक अख्खं लग्न जमा झालं होतं, जे कधी झालंच नव्हतं. खरं लग्न आठवायला तिला कष्ट पडू लागले होते. तिने तसे फारसे कष्ट घेतले नाहीत.

मार्चमध्ये एका सकाळी गुन्नेल आली. एव्हर्ट मागे लाकडं फोडत होता. गुन्नेलने कॉफीचा पेला हातात धरला, प्यायली नाही. बराच वेळ ती सुनेबद्दल, सांधेदुखीबद्दल बोलली. मग खिडकीतून एव्हर्टकडे पाहत, आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी... येताना... तू काही ऐकलंस का गं?"

"बर्फ बोलत होता," सिगब्रिट म्हणाली.

"हो. बर्फच." गुन्नेलने पेला खाली ठेवला. "माझा भाऊ ग्रिम्मेनवर भोकं पाडून मासे धरतो. आता जात नाही म्हणतो. म्हणे, भोक पाडायला घेतलं की खालून कुणीतरी येतं. ठोकत ठोकत. त्याने सामान तिथेच टाकलं आणि पळाला." ती उठली. दाराशी थांबली. "पुढच्या आठवड्यात वारं सुटणार आहे, सिगब्रिट. बर्फ फुटेल. मला वाटलं, तुला सांगावं..."

दुसऱ्या दिवशी सिगब्रिट एकटी गाडी घेऊन गेली. बाजारात जाते म्हणून सांगितलं. एव्हर्ट म्हणाला, सांभाळून जा.

ग्रिम्मेनवर कुणी नव्हतं. आभाळ खाली आलेलं, बर्फ शिळ्या मेणासारखा मळकट झालेला. काठाशी हातभर पाणी सुटलं होतं. ओल्या लाकडाचा, कुजलेल्या लव्हाळ्यांचा वास येत होता. बोटी लावायचा जुना लाकडी धक्का बर्फात आतवर गेलेला होता. ती त्याच्या टोकापर्यंत गेली आणि उभी राहिली. बर्फ बोलत नव्हता. काहीच बोलत नव्हतं.

मग लांबून, तळ्याच्या मधूनच कुठूनतरी, ते सुरू झालं. आणि जवळ येऊ लागलं. घाई न करता. सरळ तिच्या दिशेने.

ठक. ठक... ठक.

ते धक्क्याच्या टोकाशी येऊन थांबलं. सिगब्रिट गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजा काढला आणि बर्फावर तळवा टेकवला.

"एव्हर्ट..." ती म्हणाली.

खालून धडाधड ठोके सुरू झाले. तिच्या तळव्याला ते जाणवत होते. आणि तिला ते ठोकणं ओळखू आलं. न्हाणीघरात तिला जरा वेळ लागला की दारावर असंच ठोकलं जायचं. किती वेळ, कशाला, दिवा जळतोय. हा तोच राग होता. इतके आठवडे काळोखात राहूनही तो जराही कमी झाला नव्हता. ओळख पटवायला तिला चेहरा बघायची गरज उरली नाही.

ती उठली. गाडीच्या मागच्या कप्प्यात कुऱ्हाड असते, हिवाळ्यात रस्त्यावर झाड आडवं पडलं तर लागते म्हणून. "थांब," ती बर्फाला म्हणाली. "थांब, मी येते..." आणि ती जवळजवळ धावत गाडीकडे गेली.

एव्हर्ट गाडीजवळ उभा होता.

त्याच्या हातात तिची लोकरीची शाल होती. बूट कोरडे होते. घर इथून खूप लांब होतं आणि या रस्त्याला बस येत नाही.

"तू शाल विसरलीस," तो म्हणाला.

"तू कसा आलास?"

"तू इथे होतीस ना." त्याने शाल तिच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट ओढून घेतली. मग तळ्याकडे पाहिलं. ठोकण्याचा आवाज इथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता. एव्हर्टच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. शेजारच्या घरात कुणीतरी आजारी असल्याचं कळावं, तितपत वाईट वाटलं असावं त्याला. तो वळला, गाडीचा मागचा कप्पा उघडला, कुऱ्हाड काढली आणि दांडा तिच्याकडे करून पुढे धरली.

"ही हवी आहे का तुला?" त्याने विचारलं.

खरंच विचारलं. तिने घेतली असती तर त्याने दिली असती, याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि पुढे कधीही आली नाही. तेच सगळ्यांत अवघड होतं. तो तिची वाट अडवत नव्हता. तिने सांगेपर्यंत तो नुसता थांबला होता, नेहमीसारखा.

सिगब्रिटने कुऱ्हाडीकडे पाहिलं. तळ्याकडे पाहिलं. तिला कांदे चिरणारे हात आठवले, लोकर उलगडणारे. बोटीतला उन्हाळा आठवला. त्यामागे, फार मागे, मालवलेल्या दिव्यांचं एक घर होतं.

"नको," ती म्हणाली. "चल घरी."

ती मोठ्याने बोलली नव्हती. तरी तळ्यावरचं ठोकणं त्याच क्षणी थांबलं. परतीच्या वाटेवर तिने काच थोडी खाली करून ठेवली होती. एखादा ठोका, एखादी शिवी, काहीही ऐकू आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. रानातून नुसता वारा येत होता.

पुढच्या आठवड्यात बर्फ फुटला. मग ती रोज वाट पाहत राहिली. कुणीतरी दार वाजवेल, पोलीस येतील, तळ्यात एक प्रेत सापडलं असं गुन्नेल सांगेल. कुणी आलं नाही. सापडलं काहीच नाही. आणि कुणी शोधत नव्हतंच. गावातला एकही माणूस हरवलेला नव्हता. गुन्नेल रस्त्यात भेटली तर हवेबद्दल बोलायची आणि लगबगीने निघून जायची. मे महिन्यात तिने घर विकलं आणि बहिणीकडे राहायला गेली. जाताना निरोप घ्यायला आली नाही.

उन्हाळा आला. मध्य-उन्हाळ्याच्या सणाला उल्रिका मुलांना घेऊन यायची होती. आदल्या दिवशी एव्हर्ट आणि सिगब्रिट ओसरीवर बसून नवे बटाटे सोलत होती. संध्याकाळ उजळ होती, त्या दिवसांत अंधार असा पडतच नाही. दोघांच्या मध्ये विहिरीच्या पाण्याने भरलेलं पातेलं होतं आणि सोललेले बटाटे ती त्यात टाकत होती.

"आपलं पहिलं घर आठवतं तुला?" एव्हर्टने विचारलं.

तिला जरा आश्चर्य वाटलं. जुन्या दिवसांबद्दल त्याने आजवर कधी काही विचारलं नव्हतं. आठवणी तीच काढायची. शिवाय पहिल्या घराबद्दल तिने त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. ते सांगण्यासारखं नव्हतं. बेकरीच्या वर एक खोली होती, पाव भाजल्याचा वास यायचा, जिना... जिना कुठल्या बाजूला होता? तिने आठवायचा प्रयत्न केला. बेकरी हा शब्द तिच्याजवळ होता, पण त्यामागे काही नव्हतं. वास नव्हता, जिना नव्हता.

"उजेड नेहमी वरून यायचा," एव्हर्ट हळुवारपणे म्हणाला. "हिवाळ्यात हिरवट."

"हो," सिगब्रिट म्हणाली. तिचे हात बटाट्यावर चालू होते. "आणि छतावरून माणसं जायची. लांबून यायची, एकामागून एक, पाती करकरवत, बोलत, हसत... मुलं छताला हात लावायला धडपडायची. मी म्हणायचे, नका रे त्यांना घाबरवू."

एव्हर्टने मान हलवली आणि पुढचा बटाटा तिच्या हातात दिला.

ती बोलून गेली आणि मग थांबली. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पातेल्यात होते, केव्हापासून कोण जाणे. पाणी विहिरीतून नुकतंच काढलेलं, पातेल्याला बाहेरून घाम फुटण्याइतकं गार. तिला ते कोमट लागत होतं.